ताप कधी गेला ते नको, घसा कधी खवखवला ते सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चवथ आटोपल्यावर आपल्या दैनिकात वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. मुंबईचे चाकरमानी गणपतीला येतात, मोदक खातात आणि जाताना गावात ताप ठेवून जातात, असा त्याचा सूर. त्या पत्राने आमच्या वाडीत दोन तट पडले. ज्यांची पोरं मुंबईत आहेत ते एकीकडे, ज्यांची नाहीत ते दुसरीकडे. मी दोन्हीकडचा चहा घेतला आणि घरी येऊन भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवलं.

मी देवगड तालुक्यातली. एकतीस वर्षं आरोग्य सेविका म्हणून उपकेंद्रात काढली, २०२१ साली निवृत्त झाले. गावात अजून नर्सबाईच म्हणतात. कुणाला कधी ताप आला हे विचारायची खोड अंगात मुरली आहे. लोकही सांगतात, कारण सांगितलं नाही तर ही बाई उद्या परत येईल हे त्यांना ठाऊक आहे. आमच्या कालनिर्णयावर दुधाचा रतीब लिहिलेला असतो. रोजच्या चौकटीत एक उभी रेघ, खाडा असला तर फुली. त्या रेघांच्या शेजारी मी लाल पेनाने ठिपके दिले. एक ठिपका म्हणजे एक माणूस. ठिपका ताप चढल्याच्या दिवशी नाही, घसा खवखवायला किंवा अंग मोडून यायला लागलं त्या दिवशी.

माझा पुतण्या डोंबिवलीला असतो. सोमवारी रात्री दादरला तुतारी एक्सप्रेसमध्ये चढला, मंगळवारी सकाळी कणकवलीला उतरला. डब्यात संडासाच्या दारापर्यंत माणसं बसलेली. घरी आला, आंघोळ केली आणि संध्याकाळी माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची चौकट, बांधायला शिडीवर चढला. आमची झाली, मग शेजारच्या दोन घरांची. बुधवारी चवथ. रात्री वाडीतल्या सात घरांच्या आरत्या ओळीने झाल्या आणि सातही घरांत झांजा ह्याच्या हातात. धडधाकट माणूस. ना शिंक, ना खोकला. गुरुवारी दुपारी जेवताना म्हणाला, "काकी, घशात कायतरी टोचल्यासारखा वाटता." रात्री एकशे दोन ताप. रविवारपर्यंत सातांपैकी चार घरांत माणसं आडवी झाली. एकाला तालुक्याला नेलं, नाकातला स्वॅब घेतला, इन्फ्लुएंझा निघाला.

मग ते पत्रलेखक गृहस्थ बरोबर म्हणायचे? अर्धेच. कारण कालनिर्णयावरचा पहिला लाल ठिपका माझ्या पुतण्याचा नाही. तो आदल्या रविवारचा आहे आणि वाडीतल्या चौथीतल्या एका मुलीचा आहे. त्या पोरीने तुतारी फक्त फाटकाबाहेरून पाहिली आहे. मंगळवारी ती तापातच ओटीवर बसून माटवीला लावायची कवंडळं मोजून देत होती, आणि तिच्या घरची माटवी बांधत होता माझा पुतण्या.

फ्लूचा हिशेब असा आहे. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, बहुतेकांना दोन. मंगळवार ते गुरुवार किती होतात ते आपणच मोजा. त्याला गाडीत मिळाला असेल, डोंबिवलीत मिळाला असेल, नाहीतर आमच्याच वाडीत शिडीवर उभं राहून मिळाला असेल. त्या मुलीच्या आईला मी हे अजून बोलले नाही, बोलले असते तर तिसरा तट पडला असता. आता आपण छापलंत तर कळेलच.

पण मला पत्र लिहावंसं वाटलं ते 'कुणी आणला' यासाठी नाही. बुधवारच्या रात्रीसाठी. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून तो दुसऱ्याला देऊ लागतो. म्हणजे सात घरांच्या त्या आरत्या हा नेमका पुतण्याचा वाटपाचा काळ. त्याचा त्याला पत्ता नाही, आणि एकतीस वर्षं नोकरी केलेली त्याची काकी त्याच्या शेजारी टाळ्या वाजवत उभी होती, तिलाही नाही. कोविडच्या वेळी शास्त्रज्ञांनी कुणाकडून कुणाला गेला अशा ७७ जोड्या तपासल्या होत्या. एप्रिल २०२० मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये तो लेख आला. त्यांचा अंदाज असा की ४४ टक्के लागण देणाऱ्याला स्वतःला लक्षणं दिसायच्या आधीच होऊन गेलेली होती. निम्म्याला थोडी कमी. आपण मात्र अजून शिंकणाऱ्या माणसाकडे बघून पदर नाकाला लावतो आणि झांजा वाजवणाऱ्याच्या शेजारी खेटून उभे राहतो.

आरतीची खोली डोळ्यांसमोर आणा. पूर्वी आमची घरं कौलारू होती. भिंत आणि छप्पर यांच्या मधून वारा खेळायचा, धूर वर निघून जायचा. आता स्लॅब आला, सरकत्या काचांच्या खिडक्या आल्या. बाहेर पाऊस, म्हणून खिडक्या बंद. दहा बाय बाराची खोली, तीस माणसं, कापूर, अगरबत्ती, आणि प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा वरच्या पट्टीत. बोलण्यापेक्षा मोठ्याने गाताना तोंडातून जास्त कण बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते हवेत तरंगत राहतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्कॅगिट म्हणून एक परगणा आहे. तिथल्या एका गायनमंडळाचा १० मार्च २०२० ला अडीच तास सराव झाला. ६१ जण हजर होते, त्यांतल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं. त्याच्यासकट ५३ जणांची नोंद निश्चित किंवा संभाव्य कोविड म्हणून झाली. दोघे गेले. आमच्याकडचं भजन अडीच तासांत गजरापर्यंतसुद्धा येत नाही.

हे काही आजचं नाही. १९१८ ची मानमोडी, म्हणजे तेव्हाची फ्लूची साथ. माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची. मुंबईच्या गिरणीतला माणूस बोटीत बसला तेव्हा बरा होता, विजयदुर्गाला उतरला तेव्हाही बरा होता, तिसऱ्या दिवशी त्याने अंथरूण धरलं. घरातल्यांना वाटलं, त्याला गावचं पाणी बाधलं. बोट जाऊन एसटी आली, एसटीबरोबर तुतारी आली. विषाणूला अंगात वाढायला लागणारे दोन दिवस तेवढेच आहेत.

आता दुसरी बाजू, ताप गेल्यानंतरची. इथे मला माझंच सांगायला हवं. आजवर हे मी घरच्यांपलीकडे कुणाला सांगितलेलं नाही.

डिसेंबर २०१८. मला सर्दी झाली. दीड दिवस कणकण होती, नाक वाहत होतं, बाकी काही नाही. चौथ्या दिवशी चुलत बहिणीच्या नातवाचं बारसं. मी कळवलं, बरं नाही, येत नाही. तिचा फोन आला. "गे, ताप गेलो मां तुझो? मगे बारशाक येवक काय झाला? पाच मिनटां ये, पाळण्यात घालूक तरी ये." ताप गेलाच होता. मीही मनाशी तेच म्हटलं. गेले. नर्सबाई म्हणून बाळाला माझ्याच हातात दिलं. "बघ गे, वजन बरा आसा मां?" म्हणून मी त्याला वर उचललं, पोटाशी धरलं, नाळेची जागा सुकली का ते वाकून पाहिलं. बारा दिवसांचं बाळ, माझ्या नाकापासून वीतभरावर.

बारशानंतर पाचव्या दिवशी त्याचं दूध सुटलं. दोन घोट प्यायचा आणि सोडायचा. छातीच्या फासळ्यांखाली श्वासागणिक खड्डा पडत होता. हा खड्डा मी शेकडो आयांना समजावून सांगितलेला आहे, असा दिसला की घरी थांबू नका म्हणून. तिने फोनवर वर्णन केलं आणि माझे हात गार पडले. पाच दिवस बाळ नळीच्या ऑक्सिजनवर होतं. डॉक्टर म्हणाले, आरएसव्ही, श्वासमार्गाचा एक विषाणू. मोठ्यांना त्याची साधी सर्दी होते, तान्ह्याच्या बारीक श्वासनळ्या मात्र त्याने सुजतात आणि चिकट स्रावाने बुजतात. आरएसव्ही झालेला माणूस साधारण तीन ते आठ दिवस दुसऱ्याला देऊ शकतो. मी चौथ्या दिवशी गेले होते. बाळ बरं झालं, आता शाळेत जातो, मला बघितलं की खाऊ मागतो. बहिणीने कधी शब्दाने विचारलं नाही, आणि त्याचंच मला जास्त लागतं.

आमची आजी बाळंतिणीच्या खोलीत सोयर फिटेपर्यंत घरच्या पुरुषांनासुद्धा डोकावू देत नसे. नोकरीला लागल्यावर मी तिला हसले होते.

ताप म्हणजे विषाणू नव्हे. विषाणूशी झुंजताना शरीर स्वतःला तापवतं. ती झुंज ओसरली तरी नाकाघशातला विषाणू लगेच संपत नाही. त्यात आपल्याकडे ताप 'गेला' म्हणजे बहुतेक वेळा गोळीने घालवलेला असतो. सकाळी पॅरासिटामॉल घेतली, घाम आला, अंग हलकं वाटलं, दुपारी माणूस बाजारात. चार-सहा तासांनी गोळी उतरते आणि ताप परत येतो, तोवर बाजार करून झालेला असतो. म्हणून गोळी न घेता पूर्ण दिवस ताप नाही, असा दिवस हवा. आणि तो उजाडला तरी त्याच्यापुढे काही दिवस जपायचं असतं.

किती दिवस, हे मला वाडीत रोज विचारतात. मोजायला सुरुवात लक्षणांच्या पहिल्या दिवसापासून करायची, हे आधी सांगते. फ्लूमध्ये पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत वाईट, मोठी माणसं साधारण पाच ते सात दिवसांपर्यंत देऊ शकतात, लहान मुलं दहा दिवस किंवा जास्तही. कोविडमध्ये लक्षणांच्या एक-दोन दिवस आधीपासून आठ-दहा दिवसांपर्यंत, त्यातही जोर सुरुवातीच्या दिवसांचा. साध्या सर्दीचे पहिले दोन-तीन दिवस मुख्य, पुढे दोन आठवड्यांपर्यंत थोडं थोडं चालू राहतं, पण त्यासाठी कुणी घरी बसत नाही आणि बसायला सांगण्यात अर्थ नाही. आरएसव्हीचं वर आलंच. मात्र तान्ही बाळं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे अशी माणसं तो चार-चार आठवडे सोडत राहतात. डायलिसिसवाले, कॅन्सरची औषधं चालू असलेले, किडनी बदललेले यांना आपले आकडे लागूच पडत नाहीत. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं, मला नाही.

लंडनमध्ये एक विलक्षण प्रयोग झाला. ३६ तरुण आपणहून पुढे आले आणि त्यांच्या नाकात कोविडच्या विषाणूचे थेंब घातले. अठरा जणांना लागण झाली. थेंब घातल्यापासून मोजलं तर दोन ते चार दिवसांत लक्षणं, पाचव्या दिवसाच्या आसपास विषाणू सर्वांत जास्त, आणि सरासरी दहाएक दिवसांपर्यंत नाकातून जिवंत विषाणू मिळत राहिला. ज्यांना जवळजवळ काही त्रास झाला नाही त्यांच्या नाकातही तो काही कमी नव्हता. 'माका तर काय झाला नाय, नुसती सर्दी' असं म्हणणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावं.

हे आकडे सांगायला गेलं की वाडीत एक वाक्य ठरलेलं येतं. "आधी चौदा, मगे दहा, मगे सात. हेंचा काय खरा नाय." लोकांचा दोष नाही. आम्हीच नीट सांगितलं नाही. २०२० च्या मे महिन्यात चाकरमानी परतू लागले तेव्हा शाळेच्या वर्गांत त्यांचे बिछाने घातले होते, फळ्यावर मुलांनी काढलेली बेरीज तशीच होती, आणि मी दारातून नावं लिहून घेत होते. कागदावर अलगीकरण आणि विलगीकरण असे दोन शब्द, गावात दोन्हीला एकच, क्वारंटाइन. चौदा दिवस होते ते निरोग्यासाठी. बाधिताच्या संपर्कात आलास, तर चौदा दिवसांत आजार वर येतो का ते पाहायचं. दहा दिवस होते ते रोग्यासाठी. ८ मे २०२० ला केंद्राने धोरण बदललं. सौम्य रुग्णाला लक्षणांपासून दहा दिवस झाले आणि ताप नसला तर पुन्हा तपासणी न करता घरी सोडा. एक मोजणी आजार उगवण्याची, दुसरी ओसरण्याची. त्या वर्षीची चवथ २२ ऑगस्टला होती. चाकरमान्यांचे चौदाचे दहा दिवस झाले आणि गावाला वाटलं, मुंबईवाल्यांनी वजन वापरून सूट मिळवली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये घरी राहणाऱ्या रुग्णासाठी सात दिवस झाले, त्यातले शेवटचे तीन बिनतापाचे. अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये दिवसांचा आकडाच काढला. औषधाशिवाय चोवीस तास ताप नसावा, तब्येत सुधारत असावी, मग बाहेर पडा आणि पुढचे पाच दिवस मास्क, मोकळी हवा वगैरे सांभाळा. यात विषाणूने कुणाला सूट दिलेली नाही. लशी झाल्या, बहुतेकांना एकदा होऊन गेला, धोका कमी झाला, म्हणून माणसांनी नियम सैल केले. आठव्या दिवशी कुणी विषाणू देऊच शकत नाही, असं त्या सात दिवसांनी कधी म्हटलं नव्हतं.

रिपोर्टचा घोळ तर विचारू नका. आमच्या वाडीतला एक जण गोव्यात कंपनीत होता. तिथले म्हणाले, निगेटिव्ह रिपोर्ट आणल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. बरा होऊन तीन आठवडे झाले, माणूस माडावर चढत होता, आणि रिपोर्ट पॉझिटिव्हच. आरटीपीसीआर तपासणी विषाणूच्या जनुकाचे तुकडे शोधते. ते तुकडे जिवंत विषाणूचे की मेलेल्याचे, हे ती सांगत नाही. फणस फोडून खाल्ला, आठळ्यासुद्धा भाजून संपल्या, तरी घरात चार दिवस वास राहतो. वासावरून फणस शोधायला निघालात तर मिळायचा नाही. जर्मनीत म्युनिकला सुरुवातीच्या नऊ रुग्णांवर हेच तपासलं होतं. तुकडे खूप दिवस सापडत राहिले, पण आठव्या दिवसानंतर घेतलेल्या नमुन्यांतून प्रयोगशाळेत जिवंत विषाणू वाढवता आला नाही. त्या पोराची नोकरी गेली ती फणसाच्या वासाने.

आणि आमचे बुवा. नाव देत नाही, पण तालुक्यात भजन ऐकणारे ओळखतील. जुलैत त्यांना फ्लू झाला, ताप चार दिवसांत गेला, खोकला राहिला. तीन आठवडे झाले तरी खोकतात म्हणून मंडळातल्या पोरांनी त्यांना डबलबारीच्या, म्हणजे भजनाच्या सामन्याच्या, सरावाला बोलावणं बंद केलं. माझ्याकडे येऊन बसले आणि म्हणाले, "बाय, माका वाळीत टाकल्यानी की काय?" विषाणू गेल्यावरही श्वासनळी चिडलेली राहते आणि तो कोरडा खोकला तीन आठवडे, कधी आठ आठवडेसुद्धा चालतो. त्यातून कुणाला काही होत नाही. ज्या पोरांनी बुवांना लांब ठेवलं तीच पोरं चवथीला माझ्या पुतण्याच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. आपण घाबरतो, पण चुकीच्या माणसाला घाबरतो.

तरी इथे नर्सबाई म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यायची. क्षयरोग हा विषाणूचा आजार नाही आणि त्याला वरचे दिवस लागू नाहीत, त्याला औषध लागतं. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. बुवांची मी करून घेतली. स्वच्छ निघाली, मग मी स्वतः त्यांना घेऊन सरावाला गेले.

गोवर-कांजिण्यांच्या वेळी आमच्या आयाबायांना कुणी दिवस शिकवले नव्हते, तरी त्या बरोबर मोजायच्या, कारण तिथे अंगावरच कॅलेंडर छापलेलं असतं. कांजिण्यांच्या शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत पोर बाहेर नाही. शास्त्रही तेच सांगतं. गोवरात पुरळ उठल्यावर चार दिवस. पुरळाच्या आधीचे चार दिवस मात्र त्यांनाही कळत नसत, तो आजार म्हणूनच गावभर होत असे. सर्दी-फ्लूला ना फोड, ना खपली. म्हणून मी कालनिर्णय उतरवते. घरात कुणी घसा खाकरला की त्या तारखेला ठिपका द्या, एवढंच माझं सांगणं आहे. पाचव्या-सहाव्या दिवशी 'किती दिवस झाले गे?' म्हणून विचारल्यावर कुणालाच आठवत नाही. सगळ्यांना ताप कधी उतरला तेवढं आठवतं, आणि ती तारीख मोजणीला कामाची नाही.

घरी राहा म्हणणं सोपं आहे, तेही मला कळतं. आमच्या भागातल्या एका काजूच्या कारखान्यात मी नोकरीत असताना जात असे. बायका सोललेल्या गराच्या किलोवर मजुरी घेतात. सालपटं उडतात म्हणून पंखा बंद, आणि एका लांब टेबलाला समोरासमोर बसलेल्या, डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळ. एकीला ताप आला की ती गोळी खाऊन येणारच. खाडा झाला तर त्या दिवसाचे पैसे गेले. मालकांना मी एकदा म्हटलं, पहिल्या तीन दिवसांची निम्मी मजुरी द्या, आठवड्यात अख्खं टेबल रिकामं होण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. हसले. त्या महिन्यात टेबल खरंच रिकामं झालं, पण मला बोलावून तसं सांगायला कोण येतं?

शाळेचं तर नवलच. शंभर टक्के उपस्थितीला बक्षीस, स्टीलचा डबा. माझ्या कालनिर्णयावरचा तो पहिला ठिपका आठवतो ना, चौथीतली मुलगी? चवथीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी तिच्या बाकावरची मैत्रीण ताप घेऊन शाळेत आली होती, कारण तिचा एकही खाडा नव्हता. डबा तिलाच मिळणार. आजारी असताना घरी राहिलेल्या मुलाची गैरहजेरी बक्षिसातून वगळा, एवढं शाळांनी केलं तर सात घरांच्या आरत्या वाचतील. मोठ्यांपेक्षा मुलंच तर जास्त दिवस विषाणू सोडत राहतात.

आपल्याकडेही एक मागणं आहे. दर पावसाळ्यात 'साथीने डोके वर काढले' हा मथळा आपण छापता. त्या डोक्याखाली चार ओळींची चौकट द्या, कुठल्या आजारात कितव्या दिवसापर्यंत जपायचं याची. आणि चवथीच्या आधीच्या आठवड्यात द्या, नंतर नको.

आमच्या वाडीने यंदा उशिरा का होईना एक केलं. चार घरं आडवी झाल्यावर उरलेल्या गणपतींच्या आरत्या खिडक्या उघड्या टाकून, निम्मी माणसं पडवीत आणि निम्मी खळ्यात, पावसाचं प्लास्टिक डोक्यावर घेऊन केल्या. आवाज कमी पडला नाही. पुतण्या सातव्या दिवसापर्यंत मागच्या पडवीत झोपला, त्याचं ताट मी उंबऱ्यावर ठेवायची. एकाच गोष्टीवर तो कुरकुरला, खोलीतलं भजन नीट ऐकू येत नाही म्हणून. बुवांनी मग पेटी खिडकीशी ओढून घेतली.

हे पत्र यायला उशीर झाला, कारण गेल्या सोमवारी सकाळी माझाही घसा खवखवला. ठिपका दिला आहे. आज शनिवार, म्हणजे सहावा दिवस. ताप बुधवारीच गेला. हाताने लिहिलेलं हे पत्र शेजारची मुलगी फोनवर टाइप करून आपल्याला पाठवते आहे. ती खळ्यात बसली आहे, मी खिडकीतून वाचून दाखवते आहे, आणि 'काकी, मोठ्याने वाचा' म्हणून ती मघापासून दोनदा ओरडली आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग